चित्तिरै कनी कशी मांडावी? तमिळ नववर्षाच्या चालीरीतींविषयी काही प्रश्न

उंबरठा

नमस्कार. माझे माहेर मराठी आहे आणि लग्नानंतर गेली चार वर्षे मी कोइंबतूरला सासरी राहते. आमच्याकडे तमिळ नववर्षाच्या आदल्या रात्री सासूबाई देवघरात कनी, म्हणजे पहाटे सर्वांत आधी पाहायची फळे, आरसा आणि दिव्यांची शुभ मांडणी, मांडतात. सगळे झोपल्यावर त्या एकट्याच हे काम करतात आणि पहाटे आम्हा प्रत्येकाला उठवून, डोळ्यांवर हात ठेवून, देवघरापर्यंत चालवत नेतात. पहिल्या वर्षी मला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी हात काढला तेव्हा समोर समईचा उजेड, आरसा, त्या आरशात फळांच्या राशीमागे दिसणारा माझाच झोपाळलेला चेहरा आणि त्यावर झुकलेले सासूबाईंचे हसरे तोंड, असे जे दृश्य दिसले ते मी आजही विसरलेले नाही.

यंदा त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांना खाली बसता येत नाही आणि कनी मांडण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. नुसते पाहिलेले तसेच्या तसे मांडून ठेवणे मला जमेल, पण त्यामागचे थोडे समजून घेऊन मांडावे असे मनापासून वाटते. सासूबाईंना विचारले की त्या एवढेच सांगतात, "माझ्या सासूने असे केले, म्हणून मी असे करते." त्यांचे उत्तर मला मान्य आहे, तरीही माझे काही प्रश्न उरतातच.

पहिला प्रश्न असा, की गुढीपाडवाही चैत्राचाच आणि हे वर्षही चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होणारे. मग पाडवा दर वर्षी पुढेमागे सरकतो आणि हा सण मात्र 14 एप्रिललाच कसा येतो? दुसरा प्रश्न कनीविषयी. आमच्या शेजारच्या मामी मूळच्या तंजावरकडच्या आहेत. त्यांच्या घरी कनी मांडत नाहीत आणि त्या म्हणतात, की ही चाल मुळात केरळची आहे. हे खरे असेल तर सासूबाईंची कनी "तमिळ" नाही असे समजायचे का? तिसरा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. मांगाय पच्चडीत, म्हणजे कैरीच्या गोड-आंबट चटणीत, कडुनिंबाची फुले किती आणि केव्हा घालावीत? गेल्या वर्षी मी घातली तेव्हा ती इतकी कडू झाली, की मुलाने बोटसुद्धा लावले नाही. शेवटचा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. माझ्या यजमानांचे पेरियप्पा, म्हणजे त्यांच्या वडिलांचे थोरले भाऊ, या दिवसाला नववर्ष मानतच नाहीत. तमिळांचे खरे नववर्ष तै महिन्यात, पोंगलच्या दिवशी असते, असे ते ठामपणे सांगतात. घरात या विषयावर वाद व्हावा अशी माझी इच्छा नाही, पण त्यांचे म्हणणे काय आहे ते मला कळायला हवे.

संक्रमण

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर महिना कशावरून मोजायचा, यात आहे. आपला चैत्र चांद्र आहे. अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला तो सुरू होतो, बारा चांद्र महिन्यांचे वर्ष साधारण 354 दिवसांत संपते आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी अधून मधून अधिक मास धरावा लागतो. त्यामुळे पाडवा 2023 मध्ये 22 मार्चला आला, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला. तमिळ महिना मात्र निव्वळ सौर आहे. सूर्य मीन राशीतून मेष राशीत गेला की चित्तिरै सुरू, मेषेतून वृषभेत गेला की वैकासी सुरू, असा हा हिशेब चालतो आणि त्यात तिथीचा काहीही संबंध येत नाही. म्हणूनच वरच्या तिन्ही वर्षांत तमिळ नववर्ष 14 एप्रिललाच आले आणि अधिक मासाची गरज या पंचांगाला कधीच पडत नाही.

सौर महिने सारख्या लांबीचे नसतात, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तिची गती मंदावलेली असते, म्हणून त्या सुमाराचा आनी महिना कधी कधी 32 दिवसांचा होतो. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पुढे सरकते, म्हणून मार्गळी 29 किंवा 30 दिवसांतच आटोपतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या गणितींनी हा फरक महिन्याच्या दिवसांत नेमका उतरवला आहे, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने कौतुक वाटते.

संक्रमणाचा क्षण दिवसाच्या कोणत्याही वेळी येऊ शकतो, म्हणून महिन्याचा पहिला दिवस कोणता धरायचा याचा नियम लागतो. तमिळ प्रदेशात सूर्यास्तापूर्वी संक्रमण झाले तर तोच दिवस पहिला आणि सूर्यास्तानंतर झाले तर दुसरा दिवस पहिला मानतात. केरळात विषूसाठी, म्हणजे तिथल्या याच सणासाठी, संक्रमण होऊन गेल्यानंतरची पहाट धरतात. त्यामुळे एकच खगोलीय घटना असूनही 2022 आणि 2023 मध्ये तमिळ नववर्ष 14 एप्रिलला आणि विषू 15 एप्रिलला साजरा झाला. पंजाबातील बैसाखी, आसामचा बोहाग बिहू, ओडिशाची पणा संक्रांत, बंगालचा पोईला बैशाख आणि तुळुनाडूचा बिसू हे सारे याच मेष संक्रमणाभोवतीचे सण आहेत आणि त्यांच्यात दिसणारा एखाद्या दिवसाचा फरक बहुधा अशा स्थानिक नियमांमुळे पडतो.

"विषु" या शब्दाचा अर्थ दिवस आणि रात्र समान असण्याचा काळ असा आहे. मग समान दिवस-रात्र 20 किंवा 21 मार्चला असताना विषू एप्रिलच्या मध्यावर कसा, असा प्रश्न साहजिकच पडतो. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी मेष संक्रमण आणि वसंतसंपात, म्हणजे मार्चमधली समान दिवस-रात्र, जवळपास एकाच वेळी घडत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरत असल्यामुळे संपातबिंदू मागे सरकत गेला, तर आपली निरयन गणना ताऱ्यांना धरून राहिली, आणि त्या दोहोंमध्ये आज साधारण 24 दिवसांचे अंतर पडले आहे. सणाच्या नावात ती जुनी स्थिती तेवढी शिल्लक राहिली आहे.

आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट संवत्सरांच्या नावांची आहे. प्रभव ते अक्षय ही साठ संवत्सरांची माळ तमिळ पंचांगातही आहे आणि महाराष्ट्रासह दक्षिणेकडे त्या त्या वर्षाला नावही एकच पडते. शके 1946 हे आपले क्रोधी संवत्सर होते आणि तमिळ पंचांगातही 14 एप्रिल 2024 पासूनचे वर्ष "कुरोदी" होते. त्यानंतरचे विश्वावसू तिकडे "विसुवावसु" झाले. म्हणजे तुमच्या माहेरी आणि सासरी वर्षाचे नाव एकच असते, केवळ ते बदलण्याचा दिवस निराळा.

वैगैकाठ

वडिलांच्या नोकरीमुळे माझे बालपण मदुराईत गेले आणि पुढची सहा वर्षे आम्ही नागरकोविलला होतो. त्यामुळे कनी नसलेले आणि कनी असलेले, अशी दोन्ही तमिळ नववर्षे मी पाहिली आहेत. तुमच्या शेजारच्या मामी आणि तुमच्या सासूबाई, दोघीही आपापल्या घराण्याच्या दृष्टीने बरोबर आहेत.

मदुराईत आमच्या शेजारी या दिवशी कनी नसे. तिथे पहाटे उंबऱ्यासमोर कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढले जाई, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागे, अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालत, त्या कपड्यांच्या एका कोपऱ्याला आधी हळदीचे बोट लावलेले असे आणि मग सगळे देवळात जात. नागरकोविलला गेल्यावर मी पहिल्यांदा कनी पाहिली. कन्याकुमारी जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत त्रावणकोरच्या बाजूला होता, तुमचे कोइंबतूर पालघाटच्या खिंडीच्या तोंडाशी आहे आणि या दोन्ही भागांत केरळशी सोयरीक, व्यापार आणि शेती यांचे संबंध पिढ्यान्पिढ्यांचे आहेत. त्यामुळे पश्चिमेकडच्या कोंगू प्रदेशात आणि दक्षिण टोकाला कनी घराघरांत दिसावी आणि तंजावरच्या कावेरी खोऱ्यात ती तितकीशी दिसू नये, यात नवल नाही.

तरीही ती "केरळची, म्हणून आपली नव्हे" असे म्हणणे मला पटत नाही. मलयाळममध्ये "कणि" या शब्दाचा अर्थ पहाटे पहिल्यांदा दृष्टीस पडणारे शुभ दर्शन असा होतो. तमिळमध्ये "कनि" म्हणजे पिकलेले फळ, आणि तुमच्या घरच्या पद्धतीला "चित्तिरैक्कनि" म्हणतात ते याच फळाच्या अर्थाने लिहिले जाते. आंबा, फणस आणि केळे या तिघांना तमिळमध्ये मिळून "मुक्कनि" असे नाव आहे. केरळच्या कणीत बहाव्याच्या फुलांना आणि कृष्णाच्या मूर्तीला मुख्य स्थान असते, तर तमिळ कनीच्या मध्यभागी ही तीन फळे असतात. एका "ण"चा "न" होताना सणाचा जीव दर्शनाकडून फळाकडे सरकला, असे मला नेहमी वाटत आले आहे. अर्थात हे माझे वाटणे आहे.

आता मांडणीविषयी. नागरकोविलला आमच्या शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, ज्या क्रमाने मांडत तो मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी देवघर पुसून घ्यायचे, जमिनीवर तांदळाच्या ओल्या पिठाने इळैकोलम काढायचे आणि त्याला कावेची लाल किनार द्यायची. तिकडे तिला "कावि" म्हणतात, आणि आपल्याकडे घराच्या जोत्याला लावतात ती हीच काव. कोलमावर पाट, पाटावर पितळेचे मोठे तांबाळम, म्हणजे ताट, आणि त्यामागे आरसा. आरसा किंचित मागे कललेला असावा, म्हणजे उभ्याने पाहणाऱ्यालाही फळे आणि स्वतःचा चेहरा एकत्र दिसतो आणि लहान मुलालाही दिसतो. तांबाळमात आधी तांदूळ पसरायचे, त्यावर मुक्कनि, मग विड्याची पाने आणि सुपारी, नारळ, हळद, कुंकू, फुले आणि मिळाला तर बहाव्याचा घोस. दागिने आणि नाणी शेवटी, एका लहान ताटलीत. सोने नसेल तर हळकुंड ठेवले तरी चालते, असे पाट्टी आवर्जून सांगत. नव्या वर्षाचे पंचांग हळदकुंकू लावून बाजूला ठेवायचे. अख्खा फणस ताटात मावत नाही, म्हणून पाट्टी तो खाली कोलमावर ठेवत. जिथे फणस मिळत नाही तिथे गरे ठेवतात. दोन्ही बाजूंना कुत्तुविळक्कु, म्हणजे उभी समई ठेवायची आणि तिच्यात रात्रभर पुरेल इतके तेल घालायचे. ज्याने मांडली त्यानेच पहाटे सर्वांत आधी उठायचे, वाती पुढे सारायच्या, स्वतः दर्शन घ्यायचे आणि मग वडीलधाऱ्यांपासून एकेकाला आणायचे. दर्शन झाल्यावर मुले नमस्कार करतात आणि मोठी माणसे त्यांच्या हातावर नाणे किंवा नोट ठेवतात.

पच्चडीचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण आमच्या घरीही पहिल्या वर्षी हीच चूक झाली होती. आपल्याकडे पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने वाटून घेतात आणि त्या सवयीने आईने ताजी फुले थेट कैरीबरोबर शिजवली. तसे केले की कडूपणा सगळ्या रसात उतरतो. वेप्पम्पू, म्हणजे कडुनिंबाची फुले, पच्चडीत शिजवायची नसतातच. ती वाळलेली असावीत. चित्तिरैच्या आधीच्या पंगुनी महिन्याच्या शेवटी आणि चित्तिरैच्या सुरुवातीला झाडाखाली स्वच्छ कापड अंथरून गळलेली फुले गोळा करतात, पाखडून देठ आणि कचरा काढतात आणि उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात. एका मध्यम कैरीच्या पच्चडीला एक लहान चमचा वाळलेली फुले पुरेशी होतात.

कैरी सालासकट लांबट चिरून हळद आणि मीठ घालून बेताच्या पाण्यात मऊ शिजवावी. तिकडे पोपटाच्या चोचीसारख्या आकाराची "किळिमूक्कु" कैरी यासाठी पसंत करतात, कारण ती फार आंबट नसते. गूळ वेगळा विरघळवून, गाळून मग घालावा, कारण गुळात खडे असू शकतात. फोडींच्या निम्म्या ते पाऊण मापाचा गूळ कैरीच्या आंबटपणाप्रमाणे लागतो. रस दाट होऊ लागला की मोहरी आणि सुक्या लाल मिरचीची फोडणी द्यावी. अगदी शेवटी, ताटे मांडण्याच्या वेळी, कढल्यात चमचाभर तूप घेऊन मंद आचेवर फुले गडद तपकिरी होईपर्यंत परतावीत आणि वरून पसरावीत. अशी परतलेली फुले खरपूस लागतात, कडूपणा जिभेच्या टोकाला क्षणभर येतो आणि गुळात विरतो. मुलासाठी आधी थोडी पच्चडी बाजूला काढू नका. त्याच्या वाटीत दोनच फुले घाला, पण घाला. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहाही चवी एकाच घासात याव्यात, हीच या पदार्थाची कल्पना आहे आणि कडू चव वगळली तर ती साधी कैरीची गोड चटणी उरते. उरलेली फुले रसममध्येही अशीच तुपात परतून घालतात; वेप्पम्पू रसम त्या दिवशी अनेक घरांत असतेच. त्याबरोबर वडे आणि पायसम असते, आणि काही घरांत "बोळी" करतात. ती म्हणजे आपल्या पुरणपोळीची सख्खी बहीणच.

जुनी पाने

पेरियप्पांच्या म्हणण्याला मोठी पार्श्वभूमी आहे. त्यांच्यासारखा विचार करणारे लोक तमिळनाडूत थोडे नाहीत, म्हणून त्यांचे मत केवळ हट्ट आहे असे समजू नये.

विसाव्या शतकातील तमिळ भाषाभिमानाच्या चळवळीतून हा विचार पुढे आला. त्याचा आधार साधारण असा, की साठ संवत्सरांची नावे संस्कृत आहेत, ती दर साठ वर्षांनी परत येत असल्यामुळे अखंड कालगणना देऊ शकत नाहीत, आणि तमिळ शेतकऱ्याच्या जीवनात खरा आरंभ सुगीच्या तै महिन्यातच होतो. "तै पिरंदाल वळि पिरक्कुम", म्हणजे तै जन्मली की वाट जन्मते, ही म्हण तमिळ घरांत आजही सर्रास ऐकू येते. याच विचारातून प्राचीन तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांच्या नावाची कालगणना रूढ झाली, जिच्यात इसवी सनात 31 मिळवतात, आणि तमिळनाडूच्या सरकारी व्यवहारातही ती वापरली जाते.

2008 मध्ये मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांच्या सरकारने कायदा करून तै महिन्याचा पहिला दिवस हे तमिळ नववर्ष असल्याचे जाहीर केले. 2011 मध्ये सत्ताबदल झाल्यावर मुख्यमंत्री जे. जयललिता यांच्या सरकारने तो कायदा रद्द करून चित्तिरैचा पहिला दिवस पुन्हा कायम केला. त्या तीन-चार वर्षांत तमिळनाडूत राहणाऱ्यांना आठवत असेल, की सरकारी घोषणा काहीही असली तरी ज्या घरांत कनी मांडत आणि पच्चडी करत त्या घरांत ती एप्रिलमध्येच होत राहिली, आणि ज्यांना तै हेच नववर्ष वाटत होते त्यांना 2011 नंतरही तसेच वाटत राहिले.

चित्तिरैच्या बाजूने जुन्या साहित्याचा एक आधार नेहमी पुढे केला जातो, तो पत्तुप्पाट्टु या संगमकालीन, म्हणजे प्राचीन तमिळ, दहा काव्यांच्या संग्रहातील "नेडुनल्वाडै" या काव्याचा. नक्कीररच्या या काव्यात आकाशात फिरणाऱ्या सूर्याच्या मार्गाचे वर्णन करताना "आडु", म्हणजे मेंढा, आरंभी असल्याचा उल्लेख आहे. यावरून राशिचक्र मेषेपासून मोजण्याची पद्धत तमिळ देशात जुनी आहे, एवढे निश्चित म्हणता येते. त्या काळी लोक त्या दिवशी नववर्षाचा सण करत होते, असे मात्र या ओळींवरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या बाजूलाही हाच न्याय लावायला हवा. संगम साहित्यात तै महिन्यातील व्रतस्नानाची सुंदर वर्णने आहेत, पण तो महिना वर्षारंभ होता असे त्या वर्णनांतून आपोआप निघत नाही. माझे स्वतःचे मत असे आहे, की वर्षाचे गणित चित्तिरैपासून आणि शेतकऱ्याच्या मनाची उभारी तैपासून, असे दोन आरंभ एकाच समाजात सुखाने नांदू शकतात. आपल्याकडेही पाडव्याला नवे वर्ष आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही, असे दोन आरंभ आहेतच.

पेरियप्पांना 14 एप्रिलला नववर्षाच्या शुभेच्छा देण्याऐवजी नुसता नमस्कार करावा आणि पोंगलला मात्र त्यांना आवर्जून "पुत्तांडु वाळ्त्तुगळ" म्हणावे, असे मी सुचवेन. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात हे अनेक वर्षे चालू आहे आणि त्यात कोणाचाही मान कमी झालेला नाही.

पाल्ककाठ

श्रीलंकेतील तमिळांची पद्धत इथे कोणी सांगितली नाही, म्हणून थोडे लिहितो. कामानिमित्त मी दोन वर्षे जाफन्यात होतो. तिथे या सणाला "वरुडप्पिरप्पु" म्हणतात आणि त्याच संक्रमणाला सिंहली समाज "अलुत अवुरुद्द" साजरा करतो, त्यामुळे सगळ्या देशालाच सुट्टी असते.

तिथे पहाटेच्या दर्शनापेक्षा संक्रमणाच्या क्षणाला अधिक महत्त्व आहे. त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे काही तास पुण्यकाळ मानतात आणि त्या वेळात "मरुत्तु नीर" डोक्याला लावून स्नान करतात. हळद, सुंठ, पिंपळी, तुळस, बेल, दूर्वा, काही फुले आणि दूध असे बरेच काही उकळून हे औषधी पाणी देवळातील पुजारी तयार करतात आणि लोक भांडी घेऊन ते आणायला जातात. डोक्यावर कोणते पान ठेवायचे आणि पायाखाली कोणते, तसेच कपडे कोणत्या रंगाचे घालायचे, हे त्या वर्षीच्या पंचांगात दिलेले असते. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने माझ्या टाळूवर ते पाणी घातले आणि परक्या गावात एकट्या राहणाऱ्या मला त्या सकाळी आईची फार आठवण झाली.

स्नानानंतर अंगणात चूल मांडून सूर्याला पोंगल दाखवतात आणि मग "कैविशेषम" असते. घरातील कर्ता माणूस शुभ वेळेला विड्याच्या पानात नाणे किंवा नोट, थोडे तांदूळ आणि फूल ठेवून प्रत्येकाच्या हातावर देतो. ते पैसे लगेच खर्च करत नाहीत. मला मिळालेली नोट अजून माझ्याकडे आहे. दुपारी गावांत बैलगाड्यांच्या शर्यती आणि "पोर् तेंगाय" नावाचा नारळांचा सामना असतो. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा आणि ज्याचा फुटेल तो हरला. यासाठी जाड करवंटीचे नारळ लोक बरेच दिवस आधीपासून शोधून ठेवतात.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. वैगैकाठ, तुमची मांडणी मी वहीत उतरवून सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, की आमच्या घरी तांदळाबरोबर तूरडाळीची आणि मिठाची एकेक वाटी असते. काल पेरियप्पा घरी आले होते. "नेडुनल्वाडै"चा विषय मी काढला तेव्हा त्यांनी ती ओळ मूळ तमिळमध्ये म्हणून दाखवली आणि अर्धा तास मला समजावून सांगितली. त्यांचे मत बदललेले नाही, पण कनी पाहायला येईन असे ते स्वतःहून म्हणाले.

आता दोन शंका उरल्या आहेत. संध्याकाळी देवळात पंचांग वाचतात तिथे घरातील कोणी जाणे आवश्यक असते का? आणि सासूबाईंना देवघरापर्यंत चालत नेणे डॉक्टरांनी सांगितलेल्या काळजीत बसत नाही. मग त्यांचे दर्शन कसे करावे?

संक्रमण

पंचांगश्रवण देवळात जाऊनच करायला हवे असे नाही. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने पूजेनंतर वाचले तरी चालते आणि अनेक घरांत तसेच करतात. त्यात वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊसपाणी कसे आणि प्रत्येक राशीचा आदाय-विरय, म्हणजे आवक-जावक किती, हे वाचतात. आपल्या पंचांगातील संवत्सरफळ ज्यांनी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल त्यांना ते ऐकताना काहीच परके वाटणार नाही. पेरियप्पा येणारच असतील तर वाचन त्यांना करायला सांगून पाहा. तमिळ शब्दांचे उच्चार त्यांच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कोणाचे होणार नाहीत.

वैगैकाठ

सासूबाईंना चालवत नेऊ नका, कनीच त्यांच्याकडे न्या. केरळात तर कणी मांडलेले पात्र आजारी माणसाच्या अंथरुणापाशी आणि गोठ्यातील गाईपुढेही नेतात. नागरकोविलच्या पाट्टींना शेवटच्या दोन वर्षांत उठता येत नव्हते, तेव्हा त्यांची सून पहाटे असेच करत असे. मोठे तांबाळम जड होते, म्हणून रात्रीच एक लहान ताट वेगळे लावून ठेवा. त्यात तांदूळ, डाळ आणि मीठ थोडे थोडे, एक आंबा, एक केळे, फणसाचे दोन गरे, विड्याचे पान, एक नाणे आणि बहाव्याचा लहान घोस एवढे पुरे. मोठी समई नेता येत नाही, तेव्हा निरांजन घ्या आणि खोलीतला पंखा आधी बंद करा. आरसा यजमानांना पलंगाच्या पायथ्याशी धरायला सांगा, आणि तुम्ही उशाशी उभ्या राहून या वेळी सासूबाईंच्या डोळ्यांवर तुमचा हात ठेवा.